काचेच्या पेंडंटला दोरी घालू का चेन? आणि मागची कडी चिकटवू का भोकच पाडू?

काचकूच (सिंहगड रोड)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सवडीने वाचा. मी घरी छोट्या भट्टीत काच फ्यूज करून पेंडंट बनवते. म्हणजे ३ मिमीच्या दोन काचा एकावर एक ठेवायच्या, मध्ये कधी डायक्रोइकचा (कोनानुसार रंग बदलणारा चमकदार लेप असलेल्या काचेचा) तुकडा, आणि ८०० डिग्रीच्या आसपास नेऊन एकजीव करायच्या. साइज बहुतेक २५ बाय ३५ मिमी, काही त्याहून छोटे थेंबाच्या आकाराचे, आणि दोन-चार चांगले दणदणीत ४० बाय ५० वाले. आत्तापर्यंत मैत्रिणींना नि नात्यात वाटले तेव्हा हाताला लागेल ती दोरी ओवून दिली, कुणी काही बोललं नाही, फुकटच्या वस्तूला नावं कोण ठेवणार. आता दिवाळीआधी एका प्रदर्शनात टेबल घेतलंय आणि पैसे घेऊन विकायचं म्हटल्यावर हे सगळं नीट व्हायला हवं.

रविवार पेठेत जाऊन आले तर गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दुकानदाराने समोर वॅक्सची दोरी, लेदर, रबर, सॅटिन, ती चपटी साबरासारखी असते ती, सगळी रिळं मांडली आणि विचारतो कशासाठी पाहिजे, म्हटलं काचेच्या पेंडंटला, तर म्हणे कुठलीही चालेल. हूक आणि कड्यांचं तर विचारूच नका, पाकिटावर नुसतं सिल्व्हर लिहिलेलं, आत काय आहे देव जाणे.

तर विचारायचंय ते असं, की मागे चिकटवायची बेल मिळते ना, चपटं बूड आणि वर नळी असलेली, ती खरंच टिकते का आणि कशाने चिकटवायची. दोरी कुठली घेऊ म्हणजे पावसाळ्यात आणि घामात खराब होणार नाही. लांबी किती ठेवायची. आणि कमी पैशात पण अंगाला खाज न सुटणारा धातू कोणता. आई म्हणते एवढी सुंदर काच आणि काळ्या दोरीत घातलीस, ताईत वाटतोय. तिचं चूक नाहीये, तसंच दिसतंय खरं.

—

निवृत्त_फिटर (कोथरूड)

ताई, दागिन्यातलं मला शून्य कळतं पण चिकटवणं आणि वजन ह्यात जन्म गेला, म्हणून तेवढंच सांगतो.

आधी वजन काढा. साध्या काचेची घनता अडीच धरा. तुमचा २५ बाय ३५ चा, ६ मिमी जाड तुकडा म्हणजे सव्वापाच घन सेंटिमीटर, वजन साधारण १३ ग्रॅम. ४० बाय ५० चा म्हणजे थेट ३० ग्रॅम. दोन्हींना एकच बेल आणि एकच दोरी लावून कसं चालेल? वजन माहीत नसताना दोरी बघायला जायचंच नाही.

आता चिकटवणं. गोंद सुटतो तेव्हा लोक गोंदाला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा गोंदाचा दोष नसतो, पृष्ठभागाचा असतो. तुमची काच भट्टीतल्या शेल्फवर कागदावर नाहीतर त्या पांढऱ्या लेपावर ठेवून भाजता ना, त्याची बारीक पूड मागच्या बाजूला बसलेली असते, कधी दिसते, कधी दिसत नाही. गोंद त्या पुडीला चिकटतो, काचेला नाही. म्हणून आधी मागची बाजू ब्रशने पाण्याखाली घासा, मग जिथे बेल बसणार तेवढीच जागा काळ्या वॉटर पेपरने खरवडा, २२० नंबरचा चालेल, पाणी लावूनच घासा म्हणजे काचेची धूळ नाकात जाणार नाही. तो पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो, काचेपेक्षा बराच कठीण, त्यामुळे काच खरवडली जाते. बेलचं बूडसुद्धा घासा, गुळगुळीत प्लेटिंगवर काहीही नीट धरत नाही. मग दोन्ही स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचं तेल पुरतं काम बिघडवायला.

गोंद कोणता, तर ते झटपट चिकटणारं पातळ इन्स्टंट ग्लू वापरू नका. कडक होतं, ठिसूळ होतं, पेंडंट फरशीवर किंवा ओट्यावर एकदा आपटलं की टक्कन सुटतं आणि भोवती पांढरी वाफ धरते ती वेगळीच. दोन ट्यूबचं इपॉक्सी घ्या, अराल्डाइटसारखं, आणि त्यातही पाच मिनिटवालं नको, सावकाश सेट होणारं घ्या, ते ताकदीला आणि पाण्याला जास्त टिकतं. दोन्ही भाग समान घ्यायचे, नजरेने नाही, मोजून. रात्रभर नव्हे, पूर्ण एक दिवस हलवायचं नाही. ई-६००० नावाचा गोंद मिळत असेल तर तोही चांगला, ते सुकल्यावर थोडं रबरासारखं राहतं त्यामुळे धक्का सोसतं, फक्त पूर्ण पक्कं व्हायला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री चिकटवत बसू नका.

आणि एक. बेल मागे चिकटवली की दोरीची जागा काचेच्या मागे जाते. काचेची अर्धी जाडी ३ मिमी आणि नळीचं अंतर २ मिमी धरलं तर दोरी वजनाच्या मध्यापासून ५ मिमी मागे आली. म्हणून पेंडंट वरून पुढे मान टाकतं. बेल मध्याच्या १० मिमी वर लावलीत तर मोकळं टांगल्यावर तिरकेपणा २६-२७ अंश होतो, तीच २० मिमी वर लावली तर १४ अंश. म्हणजे ३५ मिमीच्या उभ्या तुकड्यावर नळी अगदी वरच्या काठाला, किंवा काठाच्या किंचित वरच ठेवा, आणि आडव्या पसरट तुकड्याला मागची बेल शक्यतो लावूच नका.

—

तळेगाव_भट्टी

फिटरकाकांचा हिशोब वाचून मजा आली, आणि बरोबर आहे तो. पण माझं म्हणणं आहे की चिकटवायचंच कशाला? मी पण फ्यूजिंग करतो आणि माझ्या मते कडी कुठली हा प्रश्न काच कापायच्या आधी सोडवायचा असतो, भट्टीतून निघाल्यावर नाही. नंतर सुचलेली कडी नंतर सुचलेलीच दिसते.

काचकूच, तू दोन थर वापरतेसच ना, मग वरच्या काठाजवळ दोन थरांच्या मध्ये सिरॅमिक फायबर पेपरची (भट्टीत न जळणाऱ्या जाड कागदाची) ३ मिमी रुंद पट्टी आडवी ठेव, दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर आली पाहिजे. पट्टीच्या वरच्या अंगाला काच पुरेशी ठेव, नाहीतर तिथे पातळ होऊन भोकच उघडं पडतं. भाजून झालं की पट्टी पाण्यात भिजवून तारेने काढून टाकायची, आरपार बोगदा तयार. पट्टी कोरडी असताना अजिबात उकरायची नाही, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क लाव आणि ओलीच काढ. आता दोरी काचेच्या जाडीच्या मधूनच जाते, म्हणजे काकांचे ते ५ मिमी शून्यावर आले आणि मान टाकणं बंद. धातू नाही, गोंद नाही, खाज नाही.

ह्यात तोटा एकच, बोगदा ३ मिमीचा असेल तर त्यातून लॉबस्टर हूक (टोकाचा खटक्याचा, स्प्रिंगवाला हूक) जाणार नाही. म्हणजे दोरी आधी ओवायची, मग टोकं बसवायची, आणि गिऱ्हाइकाला घरी दोरी बदलता येणार नाही. त्यावर उपाय सरकत्या गाठीचा, ते इथे कुणाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

भोक पाडायचं असेल तर डायमंड कोटेड बिट, काच पाण्यात बुडवून, हळू आणि हलक्या हाताने, निम्मं एका बाजूने आणि निम्मं उलटून दुसऱ्या बाजूने, नाहीतर बाहेर पडताना टवका उडतो. काठापासून निदान काचेच्या जाडीइतकं अंतर सोड. आणि इथे सगळे एका गोष्टीत फसतात ती म्हणजे कडीचं माप. ६ मिमी जाड काच आणि भोकाच्या वर ६ मिमी काच, त्याला वळसा घालून कडी वर यायला हवी नि शिवाय दोरीला जागा हवी, म्हणजे आतला व्यास १० मिमी तरी पाहिजे. दुकानात पाकिटात मिळतात त्या ५-६ मिमीच्या कड्या तिथे बसतच नाहीत. भोकाची धार पण डायमंड फाइलने मारून घे, ती धार दोरीला सुरीसारखी कापते, आज नाही तर चार महिन्यांनी.

अजून एक, कडीची तार घेताना गेज, म्हणजे जाडीचा नंबर, विचारलंस तर आपल्याकडे बहुतेक एसडब्ल्यूजी (ब्रिटिश पद्धत) सांगतात आणि यूट्यूबवरचे अमेरिकन लोक एडब्ल्यूजी (अमेरिकन पद्धत) बोलतात. १८ नंबर एकात १.२२ मिमी आणि दुसऱ्यात १.०२ मिमी. नंबर बोलूच नको, मिमी बोल.

—

निवृत्त_फिटर (कोथरूड)

बोगदा उत्तम. पण त्यांच्याकडे आधीच भाजून ठेवलेले तुकडे असतील त्यांचं काय, फेकून द्यायचे? त्यांना गोंद लागणारच. माझ्या वरच्या पोस्टवर ठाम आहे.

—

तळेगाव_भट्टी

फेकायचे कशाला काका, चिकटवा की. फक्त काच पारदर्शक असेल तर मागचं बूड आणि गोंदाचा डाग पुढून स्वच्छ दिसतो, ते आधी बघून घ्या. तसल्या तुकड्यांना तारेने बांधणं बरं. आणि डायक्रोइकचा लेप जर मागच्या बाजूला उघडा असेल तर त्याच्यावर बेल लावू नका, लेप अतिशय पातळ असतो, गोंद धरेल आणि लेपच निघून येईल.

—

खाजरी_मान (औंध)

मी बनवत नाही, विकत घेते, आणि मला निकेलची ॲलर्जी आहे म्हणून लिहिते. प्रदर्शनात विचारलं की प्रत्येक जण म्हणतो मॅडम हायपोॲलर्जेनिक आहे, म्हणजे ॲलर्जी होणार नाही, घरी येऊन घातलं की संध्याकाळपर्यंत मानेवर लाल पट्टा. कशात काय आहे ते प्लीज सांगून विका.

पुण्यात ऑक्सिडाइज्ड म्हणून जे ढिगाने विकतात त्यातलं बरंच जर्मन सिल्व्हर असतं आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त. म्हणजे माझ्यासारख्यांना थेट आमंत्रणच. घाम आला की निकेल जास्त सुटतं, म्हणून हिवाळ्यात चालणारी वस्तू एप्रिल-मेमध्ये चावायला लागते. पितळ किंवा तांब्याने खाज कमी पण मान हिरवी होते, आणि पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला डाग. वरून पारदर्शक नेलपॉलिश लावा असा सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, महिनाभरात निघतं ते.

मला चालतं ते स्टेनलेस स्टील, ३०४ किंवा ३१६एल ग्रेडचं. त्यातही निकेल असतं पण ते घट्ट धरून ठेवलेलं असतं, अंगाला फारसं सुटत नाही. युरोपात नियमच आहे, अंगाला बराच वेळ लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. म्हणजे धातूत निकेल किती ह्यापेक्षा बाहेर किती सुटतं ते महत्त्वाचं. ९२५ ची चांदी पण चालते, महाग असते पण हूक आणि एक कडी एवढंच चांदीचं ठेवलं तर फार फरक पडू नये.

आणि काचेचं काम करणाऱ्यांना एक विनंती, मॅग्नेटवाला हूक ठेवत असाल तर विचारून विका. माझ्या काकूंना पेसमेकर आहे, डॉक्टरांनी मॅग्नेट निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितलंय. हूक मानेमागे असला तरी काढताना नि घालताना हात पुढे येतोच.

—

काचकूच (सिंहगड रोड)

बापरे, किती काय काय. जर्मन सिल्व्हरचं मला खरंच माहीत नव्हतं, पाकीटं बाजूला ठेवते. बोगद्याची आयडिया भारी आहे, फायबर पेपर आहेच माझ्याकडे. पण दोरीवर अजून कुणी बोललं नाही, आणि ताईत वाटतंय त्याचं काय करू?

—

तुशीवाली (नारायण पेठ)

आले, आले. आमच्या घरात आजी दागिने गाठवायची, तिच्याकडे बसून थोडं शिकले, त्यामुळे दोऱ्यावर माझा हक्क.

तुझ्या आईला ताईत वाटतो ह्याचं कारण काळा रंग एकटा नाहीये, काळी दोरी अधिक मध्ये एकच काहीतरी लटकवलेलं अधिक मागे साधी गाठ, ह्या तिन्हींनी मिळून ताईत होतो. दोरी काळीच ठेव पण काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा मणी गाठ मारून अडकव, किंवा काचेतलाच एखादा रंग उचल, गडद मोरपंखी, वांगी, मेंदी, आणि मागे गोंडा लाव, झालं, ताईत गेला. तुशीला मागे जी सरकणारी दोरी असते गोंड्याची, तीच पद्धत तुझ्या काचेला करून बघ. लहान-मोठं करता येतं, हूक लागत नाही, धातू नाही, आणि मापाची कटकट नाही. सारखं नेकलेसच्या विदेशी व्हिडिओंकडे बघतो आपण आणि लक्ष्मी रोडच्या सराफी पट्ट्यात पायरीवर बसून मंगळसूत्रं नि तुश्या गाठवणारे जे पटवेकरी असतात त्यांना कुणी विचारत नाही. एक पेंडंट घेऊन जा, म्हण ह्याला रेशमाची किंवा नायलॉनची सरकती दोरी करून द्या, हात बघत बस. अख्ख्या प्रदर्शनाचं त्यांच्याकडून परवडणार नाही कदाचित, पण चार-पाच खास तुकड्यांना नक्की.

आता दोऱ्या. वॅक्सची दोरी दोन प्रकारची असते, सुती आणि पॉलिस्टर, दुकानात दोन्ही वॅक्स कॉर्ड म्हणूनच देतात. टोकाला काडी लावून बघायची, सुती असेल तर जळून राख होते नि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून गोळी होते. सुती घामाने कुजते, दोन पावसाळ्यांत कमकुवत होते, नि गाठीपाशी तुटते. पॉलिस्टर टिकते, शिवाय टोक लायटरने वितळवून बंद करता येतं, म्हणून मी तीच घेते. १ मिमी छोट्या थेंबांना, १.५ मिमी तुझ्या १३ ग्रॅमवाल्यांना. वॅक्सचा फायदा हा की सरकती गाठ जागेवर राहते. सॅटिनच्या गुळगुळीत दोरीवर सरकती गाठ सुटत येते नि टोकं विस्कटतात, दिसायला सुंदर पण तिच्या टोकांना टोपी बसवून हूकच लावावा लागतो.

लेदर मला आवडतं, २ मिमी गोल. पण ते ताठ असतं, गुंडाळून ठेवलेल्या रिळाचा बाक त्यात राहतो, तो सरळ करायला खाली वजन लागतं. चार-पाच ग्रॅमचा थेंब लेदरवर ओवला तर दोरी गळ्यात बांगडीसारखी उभी राहते नि थेंब बिचारा एका बाजूला. म्हणून लेदर तुझ्या मोठ्या तुकड्यांना, आणि थेंबांना मऊ दोरी किंवा नाजूक चेन. घ्यायच्या आधी पांढऱ्या सुती फडक्याला पाणी लावून लेदर जोरात घास, रंग लागला तर परत ठेव, लाल नि मरून हमखास सोडतात. ती चपटी साबरासारखी असते ती कॉलेजच्या मुलींना आवडते पण पावसात भिजली की दिवसभर गार आणि ओली मानेला, मी तरी जुलैमध्ये विकणार नाही.

रबर पाण्याला एक नंबर. पण चांदीचा हूक लावून रबराची दोरी झिपच्या पिशवीत बंद करून ठेवू नको. रबरात गंधक असतं, चांदी काळी पडते. घरी चांदीच्या वाट्या रबरबँड लावून ठेवल्या तर पट्टे उमटतात ना, तेच. रबराला स्टीलचं सामान लाव.

सरकत्या गाठीला दोरी जास्त लागते. पूर्ण उघडल्यावर निदान २७-२८ इंच व्हायला हवं, कारण डोक्याचा घेरच २२-२३ इंच असतो नि अंबाडा असला तर अजून. त्यासाठी मी ३८ इंच कापते, दोन गाठी आणि शेपट्यांसकट. गाठ मारताना प्रत्येकी चार वेढे, तीन घेतले तर नवीन दोरी सरकते, पाच घेतले तर मानेमागे भेंडी होते. बोगद्यातून ओवायचं असेल तर गाठी शेवटी, हे सांगायला नकोच.

—

कोपऱ्यातला_स्टॉल (पिंपरी)

मी प्रदर्शनं करतो, टेराकोटाची, पण माल गळ्यातलाच. थोडं विक्रीच्या बाजूने.

लांबीचं असं आहे की १८ इंच गळ्याच्या हाडाशी बसतं, साडीवर आणि व्ही गळ्याच्या टॉपवर छान. पण आपल्याकडच्या बायका कुर्त्यावर घालतात आणि कुर्त्याचा गळा बंद असेल तर १८ इंचाला पेंडंट काठावर अडकतं, अर्धं आत नि अर्धं बाहेर. कुर्त्याला २४ ते २८ लागतं. एकच लांबी ठेवायची असेल तर मी म्हणेन सरकती दोरी, तुशीवाली ताईंनी सांगितली तशी, कारण स्टॉलवर समोरची बाई आरशात बघून स्वतः लांब-आखूड करते आणि जे हातात खेळवलं जातं ते विकलं जातं. हूक असलेलं करायचं तर १८ अधिक २ इंचाची जादाची चेन.

चेन मागणारे लोक असतातच. त्यांना चेन वेगळी विका, पेंडंटच्या किमतीत धरू नका. एकाच पेंडंटवर सहा जणींनी सहा चेनी मागितल्या की डोकं फिरतं. चेन घेताना स्नेक चेन टाळा, एकदा घडी पडली की तो कोन परत सरळ होत नाही नि लोक परत घेऊन येतात. साधी कडी-कडीची केबल चेन बरी, तुटली तर एक कडी बदलून देता येते. आणि ज्याला बेल लावताय तिची नळी एवढी मोठी ठेवा की हुकासकट चेन आतून जाईल, ४-५ मिमी. मग गिऱ्हाईक घरी आज दोरी, उद्या चेन, परवा मोत्याची माळ असं बदलत बसतं आणि पुढच्या प्रदर्शनात नुसती दोरी घ्यायला परत येतं.

दोरीच्या टोकाला बसवायच्या टोप्या घेताना आतला व्यास विचारा. काही दुकानदार बाहेरचा सांगतात, २ मिमीच्या दोरीला २ मिमीची टोपी आणलीत आणि दोरी आत जात नाही असं होतं. दोरीचा तुकडा खिशात घेऊन जा, घालून बघा, मग शंभरचं पाकीट घ्या. स्प्रिंगसारखी टोकं असतात ती स्वस्त पडतात, शेवटचा वेढा पक्कडीने दाबायचा, पण केसात अडकतात. मी गोंदवाली टोपी लावतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एक झटका देऊन बघतो, स्टॉलवर निघण्यापेक्षा घरी निघालेली बरी.

कड्या उघडताना बाजूला फाकवायच्या नाहीत, दोन पकडींनी एक टोक पुढे, एक मागे असं पिळायचं. फाकवलेली कडी परत गोल होत नाही आणि फटीतून दोरी निसटते. हे सगळ्यांना माहीत असतं तरी घाईत सगळे फाकवतात.

लहान मुलींसाठी कुणी मागितलं तर ओढलं की सुटणारा हूक लावा, किंवा सरळ सांगा की लहान मुलांसाठी नाहीये. काच आणि गळ्याला घट्ट दोरी, दोन्ही एकत्र नकोत.

—

खाजरी_मान (औंध)

कोपऱ्यातला स्टॉल, चेन वेगळी विकण्याला दहापैकी दहा. मी माझी स्टीलची चेन घेऊनच फिरते, नुसतं पेंडंट मिळालं तर जास्त घेईन.

—

काचकूच (सिंहगड रोड)

एवढं सगळं वाचून वही काढली. आता असं ठरवतीये. नवीन जे भाजणार ते सगळे बोगद्याचे, त्यांना १.५ मिमीची पॉलिस्टर वॅक्स दोरी, सरकत्या गाठीची, काचेच्या रंगाशी जुळणारी, दोन्ही बाजूंना मणी. आधीचे भाजून ठेवलेले जे अपारदर्शक आहेत त्यांना फिटरकाकांच्या पद्धतीने वरच्या काठाला बेल, स्टीलची, ५ मिमी नळीची. पारदर्शक उरले ते तारेने बांधून बघते. ४० बाय ५० वाले चार आहेत ते पटवेकऱ्यांकडे घेऊन जाते, गोंड्यासकट, त्यांची किंमत वेगळी लावते. चेन फक्त स्टीलची, वेगळी, १८ आणि २४ अशा दोनच लांबीत, तिसरी मागितली तर नाही म्हणायचं.

एक राहिलं. बोगद्याच्या तोंडाशी काचेची कड थोडी खरखरीत लागतीये, आधी एक ट्रायल तुकडा केला होता त्यात. भट्टीत परत टाकून गुळगुळीत करू का?

—

तळेगाव_भट्टी

हो, फायर पॉलिश होईल, म्हणजे उष्णतेने कड वितळून गुळगुळीत होईल, पण बोगदा रिकामा असेल तर तापमान जरा चढलं की बसून बंद होईल. त्यात परत नवीन फायबर पट्टी घालून मग टाक, ७००-७२० च्या आसपास बघ, सावकाश चढव, भट्टीगणिक फरक पडतो त्यामुळे आधी एका टाकाऊ तुकड्यावर. एवढंच खरखरीत असेल तर भट्टीची गरज नाही, बारीक डायमंड फाइल ओली करून तोंडाशी दोन्ही बाजूंनी गोल फिरव, काम होतं. मग त्याच दोरीचा एक तुकडा ओवून वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे ओढ, धागे सुटले तर अजून घास.

—

तुशीवाली (नारायण पेठ)

आणि दोरी ओवताना टोक लायटरने वितळवून बोटाने टोकदार करून घे, म्हणजे ३ मिमीच्या बोगद्यातून सुईशिवाय जाते. बोट ओलं करून, नाहीतर चटका बसतो.